बगदादच्या तीन बोली : हाइम ब्लांक ह्यांचे संशोधन आणि भाषापालटाची दिशा

१

एखाद्या शहरातील बहुसंख्य समाज जी बोली बोलतो तीच त्या शहराची मूळ बोली होय, आणि अल्पसंख्य समाजांच्या बोली म्हणजे त्या मूळ बोलीची बिघडलेली किंवा परकीय संसर्गाने बदललेली रूपे होत, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. सामान्य लोक ती बाळगतातच. परंतु बोलींच्या अभ्यासकांनाही तिचा मोह नेहमी टाळता आलेला नाही. ह्या समजुतीची कसोशीने परीक्षा करून ती एका महत्त्वाच्या प्रकरणी टिकत नाही, हे ज्या ग्रंथांनी दाखवून दिले त्यांत हाइम ब्लांक ह्यांच्या ‘कम्यूनल डायलेक्ट्स इन बगदाद’ ह्या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या मध्यपूर्वविषयक ग्रंथमालेत १९६४ साली तो प्रसिद्ध झाला. अरबी बोलींच्या अभ्यासात त्याला आज आधारग्रंथाचे स्थान आहे. तथापि त्यातील विचाराचे महत्त्व अरबीपुरतेच मर्यादित नाही.

प्रस्तुत निबंधात ब्लांक ह्यांच्या संशोधनकार्याचा आढावा एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने घ्यावयाचा आहे. एखाद्या समाजाने आपली भाषा किंवा बोली टाकून दुसरी स्वीकारणे ह्या क्रियेला येथे भाषापालट असे म्हटले आहे. हा पालट कोणत्या दिशेने होतो आणि ती दिशा कशाने ठरते? ग्रांथिक भाषेशी असलेली जवळीक, उच्चाराची शुद्धता, बोलीचे प्राचीनत्व ह्या गोष्टी बोलीला तारतात काय? ब्लांक ह्यांनी हा प्रश्न ह्या शब्दांत विचारलेला नाही. परंतु त्यांनी हाती घेतलेले विषय एकत्र ठेवून पाहिले असता ते पुनःपुन्हा ह्याच प्रश्नाशी येऊन थांबतात, असे दिसते.

२

ब्लांक ह्यांचा जन्म १९२६ साली चेर्नोव्हिट्स येथे झाला. हे शहर त्या काळी रुमानियात होते; आज ते युक्रेनमध्ये आहे. जर्मन, यिद्दिश, रुमानियन, युक्रेनियन अशा अनेक भाषा एकाच रस्त्यावर कानी पडाव्यात असे ते गाव. पुढे त्यांचे कुटुंब अमेरिकेत गेले आणि त्यांचे शिक्षण हार्वर्ड येथे झाले. १९४८ च्या युद्धात ते इस्राएलच्या बाजूने लढले व त्या युद्धात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतरचे त्यांचे सारे संशोधन दृष्टीच्या साहाय्यावाचून झालेले आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात ते भाषाविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९८४ साली त्यांचे निधन झाले.

ह्या चरित्रातील करुण भाग बाजूस ठेवला तरी त्याचा त्यांच्या कार्यपद्धतीशी असलेला संबंध दुर्लक्षिता येत नाही. अरबीच्या पाश्चात्त्य अभ्यासाची परंपरा हस्तलिखितांची, कोशांची आणि व्याकरणग्रंथांची होती. बोलींचे वर्णन करणारे विद्वान त्या परंपरेत होते, परंतु बोलीला ग्रांथिक अरबीच्या मापाने मोजण्याची सवय तेथे खोलवर रुजलेली होती. ब्लांक ह्यांचे साधन प्रत्यक्ष ऐकलेले बोलणे हे होते. कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि त्यामुळे त्याचा उच्चार कसा बदलतो, ह्या गोष्टी त्यांच्या लेखनात वर्णनाच्या तळटीपांत न राहता वर्णनाच्या गाभ्याशी येतात.

३

त्यांचा पहिला महत्त्वाचा ग्रंथ १९५३ साली जेरुसलेम येथे प्रसिद्ध झाला. पश्चिम गालिली व कार्मेल पर्वत ह्या भागांतील द्रूझ समाजाच्या अरबी बोलीचा तो अभ्यास आहे. पुढील विवेचनास आवश्यक असल्यामुळे येथे एका ध्वनीची माहिती करून घेतली पाहिजे. ग्रांथिक अरबीतील ‘क़ाफ़’ हा वर्ण पडजिभेजवळ उच्चारला जातो. पॅलेस्टाइनच्या बोलींत त्याची चार रूपे आढळतात. शहरी लोक त्याच्या जागी केवळ कंठातील अवरोध करतात, अनेक खेड्यांतून तो साध्या ‘क’सारखा उच्चारला जातो, बदाऊनी टोळ्यांत त्याचा ‘ग’ होतो, आणि द्रूझ लोक मूळचा ‘क़’ जपतात. एवढ्या एका ध्वनीवरून बोलणारा कोठला आणि कोणत्या समाजातला, हे ऐकणाऱ्यास कळते.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बोलींचा नकाशा काढताना केवळ गावांची नावे पुरी पडत नाहीत. एकाच डोंगरावर, हाकेच्या अंतरावर राहणारे दोन समाज दोन बोली बोलू शकतात, आणि त्या दोहोंमधील सीमा जमिनीवर आखलेली नसते. द्रूझांच्या अभ्यासात हाती आलेले हे सूत्र पुढे बगदादच्या बाबतीत ब्लांक ह्यांनी फार दूरवर नेले.

४

बगदाद शहरात मुसलमान, यहूदी व ख्रिस्ती हे तिन्ही समाज अरबी बोलत. त्यांच्या बोलींतील अंतर मात्र एखाद्या नव्या माणसास आश्चर्यकारक वाटावे इतके मोठे होते. ‘मी म्हणालो’ हे सांगताना मुसलमान ‘गिलित’ म्हणे, तर यहूदी व ख्रिस्ती ‘क़ेल्तु’ म्हणत. ग्रांथिक अरबीतील रूप ‘क़ुल्तु’ असे आहे. इराक व त्याच्या आसपासच्या बोलींचे जे दोन मोठे वर्ग आज मानले जातात त्यांना ह्याच रूपांवरून ‘गिलित’ व ‘क़ेल्तु’ अशी नावे मिळाली. ही विभागणी ब्लांक ह्यांनीच प्रतिष्ठित केली.

आणखी काही उदाहरणे पाहू. डोक्याला मुसलमान ‘रास’ म्हणत. यहूदी व ख्रिस्ती ‘ग़ास’ म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘र’च्या जागी घशातील घर्षक येई. कुत्र्यांना ग्रांथिक अरबीत ‘किलाब’ म्हणतात. त्याचे मुसलमानांच्या बोलीत ‘च्लाब’, ख्रिस्त्यांच्या बोलीत ‘क्लेब’ आणि यहूद्यांच्या बोलीत ‘क्लीब’ असे रूप होते. जिभेचे टोक दातांत धरून उच्चारावयाचे घर्षक ध्वनी मुसलमान व यहूदी ह्या दोघांनी टिकवले होते. ख्रिस्त्यांच्या बोलीत ते ‘त’ व ‘द’ ह्यांत मिसळून गेले होते. अशा रीतीने तिन्ही बोली परस्परांपासून भिन्न असल्या, तरी यहूदी व ख्रिस्ती बोली एका कुळातील आणि मुस्लिम बोली दुसऱ्या कुळातील ठरते.

अरबी जगातील शहरांत धर्मसमाजागणिक बोलीभेद थोडाफार सर्वत्र आढळतो. ब्लांक ह्यांनी त्याच्या पायऱ्या ठरविल्या. सीरिया व पॅलेस्टाइनकडील मोठ्या शहरांत तो किरकोळ स्वरूपाचा. दक्षिण इराकमध्ये मात्र तो ध्वनी, रूपे व शब्दसंग्रह अशा सर्व अंगांना व्यापणारा. बगदाद हे ह्या शेवटच्या प्रकारचे ठळक उदाहरण होय.

ह्या ग्रंथाच्या सिद्धतेची परिस्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. इस्राएलच्या नागरिकास बगदादचे दार बंद होते. शिवाय बगदादचा बहुतांश यहूदी समाज तोवर बगदादमध्ये राहिला नव्हता. १९४१ च्या जून महिन्यातील दंगलीने त्याच्या सुरक्षिततेस मोठा हादरा बसला होता. पुढे १९५० च्या मार्चमध्ये नागरिकत्व सोडून देश सोडण्याची मुभा देणारा कायदा इराकमध्ये झाला, आणि १९५०-५१ ह्या दोन वर्षांत सुमारे १ लाख २० हजार यहूदी इस्राएलमध्ये आले. तात्पर्य, ब्लांक ह्यांनी ज्या शहराच्या बोलींचा ग्रंथ लिहिला ते शहर त्यांना शहराबाहेर पडलेल्या निवेदकांच्या तोंडूनच ऐकावे लागले.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ह्या दोन कुळांपैकी बगदादचे जुने कूळ कोणते? मुसलमान बहुसंख्य, राज्यकर्तेही मुसलमान, शहराची स्थापनाही अब्बासी खलिफांनी आठव्या शतकात केलेली. तेव्हा त्यांची बोली मूळ आणि इतरांची आगंतुक, असे मानणे स्वाभाविक होते. ब्लांक ह्यांचे प्रतिपादन नेमके उलट आहे. इराकमधील मध्ययुगीन नागर अरबीची परंपरा ‘क़ेल्तु’ बोलींत टिकून राहिली. ‘गिलित’ बोली ही वाळवंटातून आलेल्या बदाऊनी टोळ्यांच्या भाषेचा ठसा घेऊन नंतर शहरात रूढ झाली.

ह्या प्रतिपादनाचा मुख्य आधार बगदादमध्ये नसून उत्तरेस मोसुलमध्ये आहे. मोसुलचे मुसलमान, ख्रिस्ती व यहूदी हे तिघेही ‘क़ेल्तु’ वर्गातील बोली बोलत. म्हणजे ‘क़ेल्तु’चा संबंध मूलतः धर्माशी नाही. उत्तर इराकमध्ये स्थायिक मुसलमान ‘क़ेल्तु’ आणि भटक्या टोळ्या ‘गिलित’ अशी विभागणी दिसते. दक्षिणेत मुसलमान, मग ते शहरी असोत वा भटके, ‘गिलित’ आणि मुसलमानेतर ‘क़ेल्तु’ अशी दिसते. दोन्ही चित्रे जुळवून पाहिली की ह्या भेदाचे मूळ स्थायिक व भटके ह्या जुन्या भेदात आहे, आणि दक्षिणेत काही ऐतिहासिक कारणाने त्याला धर्मभेदाचे रूप आले, हे अनुमान अपरिहार्य ठरते.

ते ऐतिहासिक कारण कोणते? १२५८ साली मोंगलांनी बगदाद लुटले व खिलाफत नष्ट केली. १३९३ व १४०१ साली तैमूरच्या फौजा शहरात शिरल्या. कालवे नादुरुस्त झाले, शेती उजाड झाली, शहरांची वस्ती घटली आणि वाळवंटाच्या कडेच्या टोळ्या सुपीक प्रदेशात सरकल्या. शहर पुन्हा भरले ते मोठ्या प्रमाणात ह्या लोकांनी. येथे समाजरचनेचा भाग येतो. नवे आलेले लोक मुसलमान होते. ते मुसलमानांच्या वस्त्यांत राहिले, त्यांच्या मशिदींत गेले, त्यांच्याशी त्यांचे विवाहसंबंध झाले. यहूदी व ख्रिस्ती समाजांत मात्र ह्या आगंतुकांना प्रवेश नव्हता. त्या समाजांतील घरगुती बोलणे त्यामुळे जुन्या वळणावर राहिले. बहुसंख्याकांनी आपली बोली पालटली. अल्पसंख्याकांनी शहराची जुनी बोली राखली.

हा पालट एका रात्रीत झाला असे मानण्याचे कारण नाही. हाइकी पाल्व्हा ह्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात बगदादच्या मुस्लिम बोलीतील जुन्या ‘क़ेल्तु’ थराच्या खुणा दाखवून हे परिवर्तन क्रमाक्रमाने झाले असावे, असे मत मांडले आहे. ब्लांक ह्यांच्या मूळ सिद्धांताला त्यामुळे बाध येत नाही. उलट मुस्लिम बोलीच्या तळाशी नागर थर आहे ही गोष्ट अधिक दृढ होते.

६

येथवरचे विवेचन बोलींच्या वंशावळीचे झाले. भाषापालटाच्या दृष्टीने त्यातून निघणारा निष्कर्ष ह्याहून महत्त्वाचा आहे. ‘क़ेल्तु’ बोली प्राचीन होती. तिच्यातील ‘क़’ कुराणाच्या पठणातील ‘क़’शी जुळणारा होता, मुस्लिम बोलीतील ‘ग’ तसा नव्हता. शुद्धतेच्या कल्पनेप्रमाणे प्रतिष्ठा पहिलीला मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात बाजारात, कचेरीत आणि रस्त्यावर यहूदी व ख्रिस्ती माणूस मुसलमानाशी बोलताना मुसलमानांची बोली वापरी. मुसलमानास त्यांची बोली शिकण्याची गरज पडत नसे. द्विबोली असण्याचा भार एकाच बाजूने वाहिला जाई.

पुढील संशोधनाने हे निरीक्षण पक्के केले. बगदादच्या ख्रिस्ती अरबीवर फरीदा अबू-हैदर ह्यांचा आणि यहूदी बोलीवर याकोब मन्सूर ह्यांचा, असे दोन ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाले. बहरीनमध्ये क्लाइव्ह होल्स ह्यांनी सुन्नी व शिया समाजांच्या बोलींचा अभ्यास १९८७ च्या ग्रंथात मांडला. तेथेही जुन्या स्थायिक शिया समाजाच्या बोलीवर दबाव पडतो तो ग्रांथिक अरबीचाच असे नाही. सत्ताधारी वर्गाच्या, बदाऊनी वळणाच्या सुन्नी बोलीचाही तितकाच पडतो. बोलणारा प्रमाण भाषेकडे सरकतो हे सूत्र अशा ठिकाणी अपुरे पडते. तो सरकतो ज्यांच्याशी व्यवहार केल्यावाचून चालत नाही त्यांच्याकडे.

ह्या संदर्भात चार्ल्स फर्ग्युसन ह्यांचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजशीही त्यांचा संबंध आला होता. अरबी, नवग्रीक, स्विस जर्मन व हैतीची क्रिओल ह्या चार उदाहरणांवरून त्यांनी १९५९ साली ‘डायग्लॉसिया’ची संकल्पना मांडली : एकाच समाजात ग्रंथ व समारंभ ह्यांसाठी एक उच्च रूप आणि घरगुती व्यवहारासाठी दुसरे सामान्य रूप अशी कायमची वाटणी. फर्ग्युसन ह्यांनी संपादिलेल्या १९६० च्या संग्रहात ब्लांक ह्यांचा एक लेख आहे. बगदाद, अलेप्पो व जेरुसलेम येथील चार सुशिक्षितांच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण करून त्यांनी त्याचे पृथक्करण केले. त्यांना उच्च व सामान्य अशी दोनच रूपे न आढळता निखळ बोलीपासून ग्रांथिक भाषेपर्यंत पाच पायऱ्या आढळल्या. ह्या पायऱ्यांवर चढउतार करताना बोलणारे दोन निराळ्या गोष्टी करतात, असेही त्यांनी दाखविले. एक, आपल्या गावचे विशेष गाळून सर्वांना परिचित रूप घेणे. दुसरी, ग्रांथिक रूपाचा आश्रय करणे. पहिल्या क्रियेत बोलीची बोलीशी तडजोड असते, दुसरीत बोली ग्रंथाकडे जाते. ह्या दोहोंची गल्लत केल्यास बगदादमध्ये ‘क़’ असूनही ‘ग’ का जिंकला हे कधीच उलगडणार नाही.

७

हाच विचार ब्लांक ह्यांनी अन्यत्रही लावून पाहिला. १९७० साली त्यांनी नेगेव्ह वाळवंटातील बदाऊनांच्या बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले. बगदादच्या नागर बोलींचा अभ्यास करणाऱ्याने भटक्यांच्या बोलीचे जिवंत रूप ऐकावे हे साहजिकच होय. १९७४ साली त्यांनी कैरोच्या अरबीतील एका क्रियारूपाचा विचार केला. ‘मी लिहितो’ ह्या अर्थी ‘नेक्तेब’ आणि ‘आम्ही लिहितो’ ह्या अर्थी ‘नेक्तेबू’ ही रूपे सर्वसाधारणपणे मघरेबची, म्हणजे पश्चिमेकडील अरबीची खूण मानली जातात. परंतु कैरोच्या यहूद्यांच्या बोलण्यातही ती आढळत. १९८१ साली त्यांनी व्हेनिस येथे १६९७ साली छापलेल्या ‘दर्खे नोआम’ ह्या धर्मनिर्णयांच्या ग्रंथातील अरबी उताऱ्यांचा उपयोग करून सतराव्या शतकातील इजिप्तच्या बोलभाषेचा मागोवा घेतला. इतिहासकाराला गौण वाटणारा कागद बोलीच्या अभ्यासकाला किती मोलाचा ठरतो, ह्याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे.

अरबीच्या बरोबरीने ब्लांक ह्यांनी हिब्रूचाही अभ्यास केला, आणि येथे त्यांच्या सर्व कार्यातील विरोधाभास प्रकट होतो. १९६८ साली फिशमन, फर्ग्युसन व दासगुप्त ह्यांनी विकसनशील राष्ट्रांच्या भाषाप्रश्नांवर संपादिलेल्या ग्रंथात त्यांचा इस्राएलच्या सामायिक बोलीवरील लेख आहे. बोलल्या जाणाऱ्या हिब्रूचे दोन मुख्य प्रकार त्यांनी वर्णिले आहेत. अरबीभाषी देशांतून आलेले लोक हिब्रूतील ‘हेत’ व ‘आयिन’ हे कंठ्य ध्वनी स्वतंत्रपणे उच्चारत. व्याकरणकारांच्या मते शुद्ध उच्चार तोच. युरोपीय वळणाच्या सर्वसाधारण हिब्रूत ते ध्वनी लोपले होते. तरीही प्रतिष्ठा मिळाली ती ह्या दुसऱ्या प्रकाराला, आणि पहिल्या प्रकारच्या लोकांची मुले तिकडेच वळली. बगदादमध्ये ‘क़’ राखणाऱ्या समाजाला ‘ग’पुढे नमते घ्यावे लागले, इस्राएलमध्ये त्याच समाजाच्या मुलांना ‘हेत’ व ‘आयिन’ सोडावे लागले. दोन्ही ठिकाणी शुद्ध उच्चार त्यांच्या पदरी होता आणि दोन्ही ठिकाणी त्याचा त्यांना उपयोग झाला नाही.

खुद्द बगदादच्या यहूदी अरबीचे काय झाले? इस्राएलमध्ये आलेल्या पिढीने ती घरात बोलली, त्यांच्या मुलांना ती समजत असे, नातवंडांची भाषा हिब्रू झाली. शेकडो वर्षे मुस्लिम बोलीच्या शेजारी जी बोली टिकली ती नव्या राष्ट्रात दोन-तीन पिढ्यांत ओसरली. ह्याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. बगदादमध्ये त्या समाजाच्या वस्त्या, शाळा, विवाहसंबंध व धर्मकृत्ये वेगळी होती. बाहेरच्यांशी बोलण्यासाठी दुसरी बोली वापरली तरी आपल्यांत बोलण्याचे क्षेत्र अबाधित होते. इस्राएलमध्ये शाळा, सैन्य व विवाह ह्यांनी ते क्षेत्रच मोडून टाकले. शिवाय अरबी ही तेथे शत्रुपक्षाची भाषा गणली गेली.

ह्याच बोलीची एक शाखा मुंबईतही होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही. एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून प्रभृती बगदादी व्यापारी मुंबईस स्थायिक झाले. कोकणातील, मराठी ही मायबोली असलेल्या बेने इस्राएल समाजाहून हा समाज वेगळा. त्यांची घरगुती भाषा यहूदी अरबी होती, आणि १८५० नंतरच्या दशकात हिब्रू लिपीत छापलेले त्यांचे अरबी नियतकालिक मुंबईत निघत असे. पुढील पिढ्यांनी इंग्रजी स्वीकारली. मुंबईत हा पालट व्यापार व शिक्षण ह्यांच्या ओढीने झाला, इस्राएलमध्ये राष्ट्ररचनेच्या रेट्याने झाला. परंतु आपल्यांत बोलण्याचे स्वतंत्र क्षेत्र संपले की बोली संपते, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडला.

८

ब्लांक ह्यांच्या कार्याच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. त्यांचे निवेदक थोडे आणि गावापासून तुटलेले होते. एकाच समाजातील वय, शिक्षण, व्यवसाय व स्त्रीपुरुषभेद ह्यांनुसार होणाऱ्या बदलांची आकडेवारी त्यांच्या ग्रंथात नाही. न्यूयॉर्क शहरावरील विल्यम लबाव्ह ह्यांचा, ती पद्धती रूढ करणारा ग्रंथ १९६६ साली, म्हणजे बगदादच्या ग्रंथानंतर दोन वर्षांनी आला. समाज ही एकसंध वस्तू आहे असे ब्लांक ह्यांच्या वर्णनात कोठे कोठे गृहीत धरले जाते, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यांनी त्या वेळी नोंद केली नसती तर पुढील पद्धतींना पारखून घेण्यासारखे साहित्यच फार थोडे उरले असते.

बोलींच्या अभ्यासकाने ब्लांक ह्यांच्यापासून घ्यावयाचा धडा सोपा, पण आचरणास कठीण आहे. समोर दोन बोली आल्या की त्यांतील मूळ कोणती आणि बिघडलेली कोणती, असे विचारण्याआधी कोण कोठून आले, कोणाचे कोणाशी विवाह झाले, कोणास कोणाची बोली शिकणे भाग पडले, हे विचारावे. बोलीच्या भवितव्याचा निर्णय तिच्या ध्वनींत आढळत नाही. तो त्या बोलणाऱ्या समाजाच्या इतिहासात आढळतो. बगदादचे मध्ययुगीन नागर बोलणे त्या शहरातील सर्वांत दुर्बळ समाजांनी जपले, आणि ते समाज उठून गेल्यावर त्या शहराचा एक कालखंड ऐकू येण्याचे थांबले.